सोनीच्या आंदणातला टेप

मी टेप बोलतोय. टेपरेकॉर्डर म्हणा हवं तर. पण महागाव तालुक्यातल्या ज्या तांड्यात मी आज पडून आहे, तिथं एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला वेळ नाही. जन्म माझा कुठल्याशा कारखान्यातला. तिथलं मला काही आठवत नाही आणि आठवण्यासारखं काही नसणारच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते यवतमाळच्या एका दुकानात, देवसिंग आडे नावाच्या तरुणानं मला काचेतून पाहिलं तेव्हा.

देवसिंगला नुकतीच दिल्लीत सरकारी नोकरी लागली होती आणि धाकट्या बहिणीचं, सोनीबाईचं, लग्न ठरलं होतं. "बहिणीच्या आंदणात द्याचा आहे. आवाज फाटका निघाला त वापस आणीन," असं त्यानं दुकानदाराला दोनदा बजावलं. दुकानदारानं माझी बटणं दाबून दाखवली. मी आपला ऐटीत वाजलो. नवीन होतो ना, ऐट असणारच!

लग्नाच्या दिवशी मला बाजेवर मांडलं, हंडे-गुंड आणि पितळी ताटांच्या शेजारी. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी सासरी निघते तेव्हा ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत गायचं ते गाणं. सोनीनं आपला ढावलो स्वतः रचला होता. तिनं याडीला, म्हणजे आईला, हाक मारली. वडिलांना मारली, विहिरीला मारली, चितकबऱ्या म्हशीलासुद्धा मारली. सगळ्यांची नावं घेतली, स्वतःचं तेवढं नाही. शेवटी भावापाशी आली आणि म्हणाली, देवसिंग भिया, मला लांब नेतायत, वाट नीट पाहून ठेव, दिवाळीला न्यायला ये.

मांडवातली माणसं हमसून रडत होती. मी सगळं ऐकलं. पण माझ्या पोटात कॅसेट नव्हती! एवढ्या हौसेनं मला आणलं आणि कोरी कॅसेट आणायची राहिली. रेकॉर्डचं लाल बटण असून मी ठोंब्यासारखा बसून राहिलो. ती चुटपुट अजून गेलेली नाही.

सोनीबरोबर मी केळापूर तालुक्यातल्या तिच्या सासरच्या तांड्यात गेलो. तिथं माझी मूठ तुटली, तर तिनं लग्नातल्या ओढणीचा आरसे लावलेला काठ फाडून मला मूठ बांधून दिली. कामं उरकली की ती मला मांडीवर घ्यायची आणि माझ्या माइकशी तोंड नेऊन बोलायची. कॅसेट नाही, सेल संपलेले, तरी बोलायची. सासू हसायची, "यंत्राशी काय बोलून राह्यली वं?" सोनी म्हणायची, "भियाशी बोलतो." दिवाळ्या येत होत्या, जात होत्या. दिल्लीहून पत्र यायचं, पैसे यायचे. भिया काही यायचा नाही.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बोंडअळी हटेना आणि माणसं शेतात फवाऱ्यावर फवारे मारू लागली. औषध कालवून पंपात भरून द्यायचं काम सोनीकडे होतं. एका दुपारी ती भोवळ येऊन घरी आली. "डोळ्याले दिसून नाही राह्यलं," एवढंच म्हणाली. तिला बैलगाडीतून, मग जीपमधून दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

देवसिंग पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. सोनीच्या नवऱ्यानं मला त्याच्या हातात दिलं. "न्या हा. वाईट नका वाटून घेऊ. घरात असला का कोणी बोलून राह्यलं असं वाटते," तो म्हणाला. मी काय सांगणार? मलाही तसंच वाटत होतं.

असा मी दिल्लीला गेलो. देवसिंगची कचेरी कॉपीराइट नोंदणीची. गाणं, पुस्तक, नाटक, जे कुणी रचलं ते आपल्या नावावर नोंदवायला लोक अर्ज करत. तपासनीस अर्ज तपासत, आणि त्या तपासनिसांचं काम पाहायला देवसिंग. कचेरीचा टेप बिघडलेला आणि नव्याची मागणी कुठल्यातरी टेबलावर झोपलेली, म्हणून देवसिंगनं मला घरून तिथं नेलं. फुकटचा सरकारी नोकर झालो म्हणा ना!

त्याच्या हाताखालच्या एका तपासनिसाला जगातलं प्रत्येक गाणं चोरीचं वाटायचं. दुसऱ्या बाईंना कुणालाही नाही म्हणणं जिवावर यायचं. मराठी अर्ज पाहायचा तो राळेगावचा धम्मरत्न, गाणं चांगलं असलं तर काम सोडून ताल धरायचा. देवसिंग सगळ्यांचे शेरे वाचायचा, परत पाठवायचा. "मंजूर करा, नामंजूर करा, पण पूर्ण ऐकल्याशिवाय शेरा नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. हाताखालच्यांच्या दिवाळीच्या रजा तो हसत मंजूर करायचा. स्वतःची मात्र मागायचा नाही. आता न्यायला तरी कुणाला जायचं होतं?

एके दिवशी धम्मरत्ननं माझ्यात एक कॅसेट घातली, ऐकली, आणि हेडफोन काढून हसला. "सर, तुमच्या नावाचं गाणं आलं! तुमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आहे. अर्जदार रुक्माबाई, तालुका केळापूर. शब्द आणि चाल स्वतःची म्हणते. हरकत कोणाची आली नाही. ऐका त खरं."

देवसिंगनं हेडफोन कानाला लावला. माझ्या पोटात फीत फिरत होती. आवाज परक्या बाईचा होता, बारीक, धारदार. पण विहीर तीच होती, म्हैस तीच होती. आणि मग त्या परक्या आवाजानं हाक मारली, देवसिंग भिया, न्यायला ये.

मी थांबलो तरी त्यानं हेडफोन काढला नाही. धम्मरत्न घाबरला. "सर, काय झालं?"

"माह्या बहिणीचा ढावलो आहे हा," देवसिंग म्हणाला.

धम्मरत्न बिचारा मदतीलाच धावला. "मग सोपं आहे, सर. पारंपरिक लोकगीत असा शेरा मारतो. कोणाचंच नाही म्हटलं का अर्ज आपोआप पडते."

"कोणाचंच नाही कसं रे? वाऱ्यानं रचलं काय?" देवसिंग असा ओरडला की चहावाला दारातच थबकला. मग हळू आवाजात म्हणाला, "तिचं नाव कुठंच नाही, धम्मरत्न. गाण्यात नाही, कागदावर नाही. एवढा एक ढावलो तिचा आहे."

घरच्या माणसाचा अर्ज आपण हाताळायचा नाही, हा नियम तो इतरांना शिकवायचा. त्यानं तसं वरच्या साहेबांना कळवून फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिली. पण भाऊ म्हणून हरकत घ्यायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. त्यानं रजा काढली. एवढ्या वर्षांतली पहिली! "त्या बाईले तोंडावर विचारतो," असं दात खाऊन म्हणाला, आणि मला पिशवीत घालून निघाला. यवतमाळच्या बसस्टँडवर तीच कॅसेट विकायला टांगलेली दिसली. त्यानं ती विकत घेतली.

सोनीच्या सासरच्या तांड्याबाहेर वेचणी चालू होती. रुक्माबाई म्हणजे उन्हानं रापलेली, काटक बाई. कमरेला कापसाची ओटी. देवसिंगनं आपलं नाव सांगितलं नाही. त्यांचं बोलणं गोरबोलीत झालं, मी आपला वऱ्हाडीत सांगतो.

"तुमच्या गाण्यातला देवसिंग कोण व्हय?" त्यानं विचारलं.

"सोनीचा भाऊ," ती बोंडातून कापूस ओढत म्हणाली. "सोनी माह्या शेजारच्या ओळीत वेचायची. गाणं तिचंच. दर वेचणीले नवं कडवं जोडायची. भाऊ काही येत नव्हता."

"काहून येत नव्हता?"

"मले काय ठाऊक! आला असता त गाणं एवढं लंबं कायले झालं असतं?"

देवसिंग भांडायला आला होता. आता नुसतं काहीतरी करायचं म्हणून त्यानं मला बाहेर काढून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवलं. रुक्माबाईनं मुठीवरचे आरसे पाहिले आणि तिचे हात थांबले.

"हा त सोनीचा टेप!" मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हंजे तूच व्हय तो."

तो खाली बसला. म्हणाला, "गाणं तिचं, मग अर्जावर तुमचं नाव काहून?"

"मग कोणाचं टाकू?" रुक्माबाई चिडली. "मेलेल्या बाईचं नाव सरकार ठेवते काय? सोनी गेली अन् लगोलग रेशनकार्डावरून नाव काढलं. मतदानाच्या यादीतून काढलं. सरकार नाव काढते हे पाह्यलं मी, मेलेल्याचं टाकते हे कधी पाह्यलं नाही. म्हटलं, मी जिती हाय, माह्या नावावर त गाणं राहीन. नाहीतर ज्यानं माह्या आवाजात गाणं भरून नेलं, तो कॅसेटवाला आपल्या नावावर करत होता."

देवसिंगनं किती अर्जांवर काय काय वाचलं होतं, पण असं कारण त्याला कुणी दिलं नव्हतं. तो म्हणाला, "टाकते, बाई. गाण्याच्या कागदावर टाकते. रचणारा मेला तरी त्याच्यानंतर साठ वर्षं गाणं त्याच्याच नावावर राहते."

"साठ?"

"साठ."

"मग काट माह्यं, अन् टाक तिचं," रुक्माबाई म्हणाली, इतक्या सहज, की मलाच भरून आलं. ती ओटी सावरत उठली. पुन्हा थांबली. "एक विचारतो. पुढं गाताना तुह्यं नाव राहू देऊ का काढून टाकू? दुसऱ्या भावाचं टाकता येते. लोकाइत तुले खाली पाहा लागते."

शेजारच्या ओळीतल्या बाया वेचायच्या थांबल्या होत्या.

"राहू द्या," तो म्हणाला आणि तिथंच धुऱ्यावर ढसाढसा रडला.

पुढचं कागदांचं काम दुसऱ्या अधिकाऱ्यानं केलं. सोनीच्या नवऱ्यानं संमतीचा अंगठा दिला. प्रमाणपत्र आलं: रचना सोनीबाई, गायन रुक्माबाई. देवसिंगनं ते महागावकडच्या आपल्या तांड्यात आणलं आणि आईपुढं, मानीबाईपुढं, ठेवलं. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "यात सोनी कुठं हाय?" त्यानं बोट ठेवून दाखवलं. ती त्या जागेवरून हात फिरवत राहिली.

"साठ वर्षं म्हंजे किती रे?"

"ती जगली त्याच्या दुपटीहून जास्त, याडी."

मानीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. आवाज तिनं चढवला नाही. "मंग तुले तिच्या हाका लय वर्षं ऐका लागते, बाप्पा."

त्या विकतच्या कॅसेटसकट मला तो आईपाशीच ठेवून गेला. आता दर दिवाळीला येतो, माझ्यासमोर बसतो, पूर्ण ढावलो ऐकतो. मी म्हातारा झालोय. आतला पट्टा सैल पडलाय, फीत संथ फिरते. संथ फिरली की आवाज जाड होतो, खाली येतो. रुक्माबाईचा तो बारीक, धारदार आवाज उतरत उतरत गेल्या दिवाळीला कुठं येऊन पोचला, सांगू? मानीबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "सोनी!" ती म्हणाली. खरंच, अगदी सोनीचा आवाज होता तो. मी तो माइकपाशी वर्षानुवर्षं ऐकलाय, मी चुकणार नाही.

देवसिंग पट्टा बदलून आणतो म्हणाला. मानीबाईनं मला पदराखाली घेतलं. "खबरदार हात लावशीन त!"

पट्टा आणखी सैल होतोय. एक दिवस मी अडेन आणि मग काही केल्या चालणार नाही. माझं काही नाही, लोखंड-प्लॅस्टिकचा जीव. पण ढावलो आता गावोगावच्या मांडवांत पोचलाय आणि साठ वर्षं कुणासाठी थांबत नाहीत. देवसिंगही तेवढा पुरणार नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. कधी एखाद्या मांडवात नवरी रडता रडता 'देवसिंग भिया' अशी हाक मारेल आणि श्वास घ्यायला क्षणभर थांबेल. तेव्हा गप्प बसू नका. कुणीतरी ओ द्या.