सोडली

स्कॉटलंडहून फिओनाचा फोन आला तेव्हा चैत्राली नुकतीच जेवून जागेवर येऊन बसली होती. फिओना पशुवैद्य. गुरांच्या जंतांच्या औषधासाठी कंपनीने जे ॲप काढलं होतं, त्याची तिकडच्या काही शेतांवरची चाचणी तिच्याकडे होती. ॲप तयार झालं ते क्वीन्सटाउनमधल्या या ऑफिसात, चैत्रालीच्या टीममध्ये. आणि टीम म्हणजे नोकरीसाठी परदेशी आलेली, एकजात पुण्या-मुंबईची मंडळी.

"शेतकरी खूश आहेत," फिओना म्हणाली. "तुमचं ॲप अजिबात कटकट करत नाही म्हणतात. मला तेच खटकतंय. वासरं कुरणावर जाऊन इतके आठवडे झाले आणि दुसऱ्या डोसची आठवण एकालाही आली नाही?"

"बघते आणि लगेच फोन करते," चैत्राली म्हणाली.

मांसासाठी पाळलेली तिकडची बरीच गुरं हिवाळाभर गोठ्यात असतात आणि वसंतात गवत वाढलं की कुरणावर जातात. त्या गवतावर आदल्या वर्षीच्या जंतांच्या अळ्या टिकून असतात. पहिल्यांदाच चरायला निघालेल्या वासरांच्या अंगात त्यांच्याशी झुंजायची ताकद नसते. म्हणून वजन करून औषध द्यायचं आणि ठरलेल्या अंतराने पुन्हा द्यायचं, पोटातल्या जंतांनी अंडी घालायच्या आत. ती वेळ हुकली की शेणावाटे अख्खं कुरण बिघडतं. फुप्फुसातले जंत असले तर वासरू खोकायला लागतं, कधी दगावतंही. ॲपचं काम एवढंच होतं की ती वेळ हुकू द्यायची नाही.

तिने एका शेताचं पान उघडलं. कुरणावर गेलेली सगळी वासरं राखाडी रंगात दिसत होती. ॲपच्या लेखी ती आता कळपात नव्हतीच.

"शैलू, जरा इकडे ये. ही वासरं राखाडी का दिसतायत?"

शैलेंद्र चहाचा कप घेऊनच आला. ॲपचा हा भाग त्याने लिहिला होता. "सोडलेली आहेत ना ती. जनावर सोडलं की आठवणी बंद. तूच तर नियम दिलास."

"मी काय दिलं?"

"सोडल्याची तारीख, असा रकाना."

"हो, चरायला सोडल्याची!"

शैलेंद्रने कप टेबलावर ठेवला. "चरायला?"

"गुरं सोडली म्हणजे दुसरं काय? माझ्या मामाकडे फलटणला रोज सकाळी सोडायचे."

"बाईसाहेब, आमच्या डोंबिवलीत गुरं रस्त्याच्या मधोमध बसलेली असतात. त्यांना कोण कशाला सोडतंय? आपण सगळे नाही का म्हणत, तो कळप सोडला, ते बैल सोडले. म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"तुला माहितीय काय ते."

तिला माहीत होतं. काम सुरू झालं त्या आठवड्यापासून तो शब्द कुणालाच तोंडातून काढायचा नव्हता. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या बाजारात, बीफ नूडल्सच्या गाड्याकडे पाठ करून बसणारी ही माणसं. मीटिंगमध्ये कत्तलखान्याचा विषय निघाला की कुणी छताकडे बघायचं, कुणी हसायचं. एकदा कुणीतरी म्हणालं, "सोडली म्हणू या." सगळ्यांना हायसं वाटलं. चैत्रालीलाही. मग तो शब्द रोमन अक्षरांत कोडमध्ये जाऊन बसला. इतर टीमना ते कसलं तरी तांत्रिक नाव वाटायचं, म्हणून कुणी विचारलं नाही.

"आत्ता दुरुस्त करतो," शैलेंद्र म्हणाला. "संध्याकाळपर्यंत आठवणी जातील. फिओनाला सांग, सर्व्हर अडकला होता."

"शैलू."

"अगं, या महिन्यात माझ्या इथल्या नोकरीच्या पासचं रिन्यूअल आहे. आमच्या श्रियाची शाळा आत्ता कुठे सुरू झालीय. एका शब्दापायी सगळं घालवू?"

त्याचं खोटं नव्हतं. हौगांगच्या त्याच्या घरी चैत्राली त्याच्या लेकीच्या, श्रियाच्या वाढदिवसाला जाऊन आली होती.

"आठवण उशिरा गेली," ती म्हणाली, "तर शेतकऱ्याला वाटेल डोस वेळेवरच पडला. तो वासरं त्याच कुरणात ठेवेल. फिओनाला उशीर कळला, तर ती आधी शेण तपासेल, वासरं हलवायला लावेल. आणि मला सांग, या राखाडींपैकी खरोखर गेलेली कुठली आणि चरणारी कुठली, हे ॲपवरून कळतं?"

शैलेंद्रने पडद्याकडे पाहिलं. एकेक राखाडी ओळ उघडून बघत म्हणाला, "नाही. रकाना एकच आहे."

तिने फिओनाला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. आमच्यात गाईबद्दल तो शब्द बोलवत नाही, म्हणून दुसरा घेतला. त्या दुसऱ्याचे आमच्यातच दोन अर्थ निघाले.

"माझे शेतकरी वडीलही 'गेली' एवढंच म्हणायचे," फिओना म्हणाली. "पण औषधाच्या कागदावर ते तसं लिहीत नसत. ही चूक कुणाची?"

शैलेंद्र शेजारीच उभा होता.

"शब्द मी चालवून घेतला. तपासायचं कामही माझंच होतं," चैत्राली म्हणाली.

"कंपनीला कळवावं लागेल."

"आज मीच कळवते."

"बरं. निम्मी शेतं मी घेते, निम्मी तू घे. प्रत्येक जनावराबद्दल विचार. मोघम उत्तर घेऊ नकोस."

पहिल्या शेतकऱ्याला तिने एका कालवडीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचून दाखवला आणि विचारलं, "ही तुमच्याकडून गेली का?"

"कुठे गेली?" म्हातारा म्हणाला. "वरच्या कुरणात गेलीय."

चैत्रालीने पुढचा नंबर घेतला. या वेळी तिने साध्या इंग्रजीत विचारलं: हे जनावर कापायला पाठवलं, की कुरणावर आहे? म्हाताऱ्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. हे पाठवलं, तो म्हणाला. हे आहे. हे आहे. हे मार्चमध्येच पाठवलं. शैलेंद्र एकेकाची नोंद करत होता. राखाडी नंबरांना पुन्हा रंग येत होता. काहींना येत नव्हता.

तिसऱ्या शेतावरची बाई कुरणातच उभी होती. नंबर ऐकून ती म्हणाली, "हे माझ्यासमोरच आहे, कुंपणापाशी. ऐका."

फोनमधून वाऱ्याचा आवाज आला. त्यामागून कोरडा, खोल खोकला. मग पुन्हा एकदा.

"कधीपासून?" चैत्रालीने विचारलं.

"परवापासून. मला वाटलं, धूळ असेल. औषधाची वेळ झाली असती तर ॲपने सांगितलं असतं ना?"

"ते आमचं चुकलं. वेळ होऊन गेलीय. आधी ती वासरं त्या कुरणातून बाहेर काढा. डॉक्टरांना मी आत्ताच कळवते."

फोन ठेवून तिने फिओनाला निरोप पाठवला आणि शैलेंद्रकडे वळली. "आहे. खोकतंय."

त्याने नोंद केली. मग जुना रकाना पुसून दोन नवे केले. पहिल्यावर लिहिलं, चरायला. दुसऱ्यावर बोटं थांबली.

"काय लिहू?"

"त्या म्हाताऱ्याला ज्या शब्दात विचारलं, तोच."

त्याने तो लिहिला, एकदा मोठ्याने वाचला आणि पुढच्या शेताचा नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.