कापलेली सीट

माझी बसायची जागा सुनेने कापून आणली, आणि वर मलाच म्हणते, "आई, जरा बाजूला व्हा, गाडी आत घ्यायचीय."

मी दारात उभी होते ती तशीच उभी राहिले. हातात चाऱ्याचा विळा होता. तोही खाली ठेवला नाही.

आधी गाडीचं सांगते. मोटरसायकल आहे, पण मोठं धूड नाही. सडपातळ, उंच पायांची, खेचराच्या अंगाची. रोज बाजाराला न्या, डेअरीला न्या, आणि वेळ आली तर खडीत घाला, चिखलात घाला, अशी. माझ्या गाईंच्या दुधावर घेतली आणि माझ्या नावावर घेतली. मला लिहिता येतं ते फक्त माझं नाव, पण ते असं लिहिते की मास्तरने मान हलवावी. मुलगा ट्रकवर असतो, दोन-दोन महिने घर बघत नाही. तो आला की मी मागे बसायचे, दोन्ही पाय एका बाजूला, पाठ ताठ. धाकट्या दिराच्या दारावरून गाडी हळू न्यायला सांगायचे. हॉर्नसुद्धा वाजवायला लावायचे. एरवी गाडी सून चालवायची, दूध न्यायला. किल्ली माझ्या कमरेच्या पिशवीत. पहाटे मी ती ओट्यावर फेकायची, तिने उचलायची. हातात हात द्यायचं नातं आमच्यात नव्हतं, आणि तसं मी कधी दाखवलंही नाही.

आता गाडी बघावी तर मागची अर्धी सीट गायब. तिथे लोखंडी चौकट, हिरवट रंगाची, जागोजागी जोडलेली, वेल्डिंगचे फोड उठलेले. खालचा सायलेन्सर मांडीपर्यंत वर चढवलेला. मागच्या टायरला अंगठ्याएवढ्या गाठी. आणि चेन फिरते ते मागचं दातेरी चक्र आधी बशीएवढं होतं, ते ताटलीएवढं झालेलं.

"सीट कुठंय?" मी विचारलं.

"आहे की अर्धी. चालवणाऱ्यापुरती."

"आणि मी कुठे बसू? तुझ्या डोक्यावर?"

"तुम्ही तिथे बसलाच आहात आई, सहा वर्षं झाली."

अशी ती. बोलायला लागली की तोंडाला कुलूप नाही. दिसायला काडी आणि जीभ सुरी. माझ्याच घरात येऊन धार लावली तिने, दुसरं काय.

"कुणाला विचारून कापलीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

"अर्थात नाही म्हटलं असतं!"

"म्हणून नाही विचारलं."

मी गाडीची किल्ली काढून घेतली आणि पिशवीत टाकली. "आता ढकलत ने, कुठे न्यायची तिथे."

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा सीटवरून घर डोक्यावर घेतलं म्हातारीने. पण मुळात भांडण सीटचं नव्हतंच. ते दिराचं होतं.

डेअरीला जायची वाट दिराच्या बांधावरून जाते. सासऱ्यांच्या वेळेपासून जाते. मागच्या रविवारी त्याने मशीन आणून वाटेत आडवा चर खणला, कमरेएवढा खोल, आणि पलीकडे काटेरी तार ओढली. मी विचारायला गेले तर खुर्चीतून उठला नाही.

"पाइप टाकायचाय वहिनी."

"पाइप कुठंय?"

"येईल."

"कधी?"

"आला की कळेल तुम्हाला. गावभर नजर असते तुमची."

पाइप कुठला यायला! डेअरीत ज्याचं दूध सात दिवस सलग येत नाही त्याचा नंबर कापतात, आणि दिराचा जावई नंबरासाठी दोन वर्षं ताटकळत बसलाय. नव्या माणसाला नंबर मिळत नाही, कुणाचा तरी सुटावा लागतो. चार गाई सांभाळणारी म्हातारी आणि नवरा घरी नसलेली सून, यांचाच सुटणार, असं त्याने धरलं. तहसील कचेरीत तक्रार केली मी. साहेब म्हणाला, पंधरा दिवसांनी पाहणीला येतो. पंधरा दिवसांनी काय, माझ्या रिकाम्या किटल्या बघायला?

दुसरी वाट एकच, घरामागची टेकडी. तिथे शेळ्यांची पाऊलवाट आहे, सुटी खडी, पावसाने चिरलेली, वर जाऊन डेअरीच्या मागे उतरते. डोक्यावर किटल्या घेऊन गेलं तर टँकर निघून जातो. धार संपते सहाला, टँकर सुटतो सातला. मंगळवारी सून एक किटली बांधून गाडी घेऊन चढली. अर्ध्यावर गाडीने धाप टाकली, क्लचचा जळका वास घरापर्यंत आला, आणि पोरगी किटलीसकट आडवी झाली. दूध खडीतून वाहत खाली आलं, आमच्या गोठ्याच्या दाराशी. जिथून निघालं तिथेच परत. मी तिला म्हटलं, "चालवता येत नव्हती तर न्यायची कशाला?" कोपर सोललं होतं तिचं. उलट बोलायचं सोडून ती किटली धुवायला बसली, म्हणजे तिला फार लागलं असणार.

सोमवार ते गुरुवार, चार दिवस गेले. दूध वासरांना पाजलं, लोणी काढलं, शेजाऱ्यांना वाटलं. वाटून वाटून शेजारी माझ्याशी गोड बोलायला लागले, त्याचीच मला जास्त धास्ती. आणि गुरुवारी दुपारी ही वस्तीच्या तोंडाशी असलेल्या वेल्डरकडून गाडीचं हे सोंग करून आली.

संध्याकाळी वेल्डर स्वतः आला. मी बोलावलं होतं, शिव्या द्यायला.

"मावशी, मोठं चक्र टाकलंय," तो म्हणाला. "आता गाडी पळणार नाही, पण चढेल."

"पळत होती ती गाडी तू बसवून ठेवलीस, आणि वर तोंड करून सांगतोस?"

"टेकडीवर पळायचंय कुणाला? ओझं घेऊन माणूससुद्धा लहान पावलं टाकतो. तसंच हे. सायलेन्सर वर घेतला, म्हणजे दगडावर आपटणार नाही. फक्त उजवीकडे पाय नेऊ नका, भाजेल."

"माझा पाय न्यायला जागा ठेवलीस कुठे, मेल्या?"

तो हसला. मी हसले नाही. किल्ली पिशवीतच राहिली. शुक्रवारी पहाटे सून किटल्या भरून ओट्याशी उभी राहिली, मी गोठ्यात शेण ओढत राहिले. सात वाजले. टेकडीपलीकडे टँकरचा आवाज आला आणि गेला. तिने किटल्या खाली ठेवल्या आणि एवढंच म्हणाली, "पाच झाले." पाचवा दिवस कुणी घालवला, ते मला विचारू नका. दिराने घालवला नाही, एवढं सांगते.

शनिवारी मी किल्ली फेकली. जरा जोरातच फेकली.

ती दोन किटल्या चौकटीत बसवून चढली. मी खालून बघत होते. गाडी अशी चालली की शेळीने मागे वळून बघावं, इतकी हळू. पण थांबली नाही. धाप नाही, वास नाही. टुकूटुकू करत माथ्यावर गेली आणि दिसेनाशी झाली. मी विळा घेतला आणि चारा कापायला बसले, नेहमीपेक्षा दुप्पट कापला.

आणि आठला ती परत आली, भरल्या किटल्या घेऊन.

"घेतलं नाही," ती म्हणाली.

"का? आंबलं?"

"मापाडी म्हणतो, नंबर तुमच्या नावावर आहे. काकांनी तिथे सांगून ठेवलंय की म्हातारीने धंदा बंद केला, अंथरुणाला खिळलीय. मापाडी म्हणतो, ज्यांचा नंबर त्यांनी येऊन सही करावी, नाहीतर उद्या नंबर सुटला."

"मी अंथरुणाला?"

"असं ते म्हणतात."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, अंथरुणाला खिळल्या असत्या तर माझे दिवस सुखाचे गेले असते."

पहिल्यांदा मला तिचं बोलणं बरं वाटलं. तोंडावर येऊ दिलं नाही.

रविवार. गाईला रविवार कळत नाही, सातला टँकर तसाच सुटतो. माझे गुडघे टेकडी चढायचे नाहीत, हे तिला माहीत, मला माहीत, दिराला तर पक्कं माहीत. तिने एक किटली चौकटीच्या मागच्या टोकाला दोरीने आवळली, पुढे पोतं घडी करून टाकलं आणि म्हणाली, "बसा."

"किटलीच्या जागी?"

"दुसरी किटली मांडीत घ्या. चालेल."

मी सवयीने दोन्ही पाय एका बाजूला घेऊन टेकले. ती म्हणाली, "असं नाही. चढावर दोघी उलट्या होऊ. दोन्हीकडे पाय टाका. उजवा पाय पुढे, सायलेन्सर तापतो."

बासष्ट वर्षांत मी कशावर दोन्हीकडे पाय टाकून बसले नव्हते. म्हशीवरसुद्धा नाही. आजूबाजूला बघितलं. शेजारीण दात घासायचं विसरून उभी. "बघतेस काय?" मी ओरडले. "आज दूध मिळणार नाही तुला!" आणि पाय टाकला.

निघालो. पोटात किटली, पाठीला किटली, खाली लोखंड. गाडी दगडावर चढली की माझी हाडं मोजून निघत. मध्ये एकदा मागचं चाक घसरलं, खडी भुरुभुरु खाली गेली, आणि मी एका हाताने चौकटीचा दांडा गच्च धरला.

"हलू नका!" ती ओरडली.

"मी हलत नाही, तुझी गाडी हलतेय!"

"तुमच्या नावावर आहे!"

चाकाच्या गाठींनी खडी धरली. गाडी पुन्हा टुकूटुकू चालायला लागली. आणि दांड्यावरचा माझा हात तसाच राहिला. दांड्याला पितळी बोंड होतं, अर्धं दबलेलं. हिरवा रंग, बोंडाखाली तीन चरे. हे बोंड मी रोज बघत होते. सुनेच्या माहेरून आलेली खाट. आली तेव्हा मी चारचौघांत म्हटलं होतं, कुरकुरते, माणसासारखी. तिच्या माहेरची म्हणून एकच वस्तू होती ती माझ्या घरात.

"खाट कापलीस?" मी तिच्या कानाशी विचारलं.

"लोखंड कुठून आणणार होते?"

"आणि झोपतेस कशावर?"

"जमिनीवर. कुरकुरत नाही."

मी किटली घट्ट धरली. वारा होता, डोळ्यात गेला. बोलले असते तर वाकडंच बोलले असते.

माथ्यावरून दिराचं अंगण सरळ खाली दिसतं. तिथे कोंबड्या सोडून कुणी नव्हतं. कुठे होता ते डेअरीत गेल्यावर कळलं. नवी भारी गाडी दाराशी लावून, जावयाला शेजारी उभं करून, मापाड्याशी हसत होता. आमची गाडी मागच्या उतारावरून आली तेव्हा आधी आवाजाकडे बघून हसला. मग माझ्याकडे बघून थांबला.

"वहिनी! अशा बसून आलात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. अंथरुणाला खिळलेली बाई दोन्हीकडे पाय टाकून टेकडी उतरली, एवढं तरी खरं बोलतील. तुमच्यासारखं नाही."

"मी काळजीने सांगितलं होतं…"

"काळजी तुमच्या पाइपाची करा भावजी. बिचारा अजून रस्ता शोधतोय."

डेअरीत रांगेतले सगळे हसले. जावईसुद्धा हसला, मग सासऱ्याचा चेहरा बघून खोकला. मापाड्याने घड्याळ बघितलं. सातला आठ मिनिटं कमी. त्याने वही पुढे केली. मी हात पुसला आणि माझं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर उभं करून, दिराला वाचता यावं असं. टँकरवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दिला.

दूध मोजलं, फॅट लागली, नंबर राहिला.

परतताना मी सुनेला म्हटलं, "वेल्डरला सांग, चौकट दोन बोटं खाली घे. आणि पोत्याने भागत नाही. उशी बांध."

"तुम्ही रोज येणार?"

"महिन्याला सही लागते म्हणे."

"असं कुणी सांगितलं?"

"मी सांगते."

घरी आल्यावर माझी खाट मी तिच्या खोलीत सरकवली. ती म्हणाली नको. मी म्हटलं, मला विचारून कापलं असतंस तर मीही विचारून सरकवली असती. गुडघे वाकतात तोवर मी जमिनीवर झोपते, गुडघे वाकेनासे झाले की परत मागेन, तेव्हा तोंड वर करायचं नाही. तिने केलंच. त्यावरून पुन्हा दोन तास वाजलं आमचं.

चर अजून तसाच आहे. त्यात गवत वाढलं, तार कुणाच्या तरी गुरांनी पाडली. परवा जावई घाईत त्याच वाटेने आला आणि भारी गाडीसकट चरात गेला. आम्ही वरून जात होतो. त्याने हात केला. सुनेने विचारलं, "थांबू?" मी म्हटलं, "हॉर्न वाजव."

गाडी माझ्याच नावावर आहे आणि किल्ली माझ्याच कमरेला. पहाटे सहाला सून हात पुढे करते आणि मी किल्ली तिच्या तळहातावर आपटते. ओट्यावर फेकत नाही.