डोक्यावरची काठी

बोंक्सी हा आमच्या शेटलंड बेटांवरचा पक्षी माणसाला भीक घालत नाही. जुलैत त्याच्या पिल्लांजवळून गेलात तर वरून दगडासारखा येतो आणि जे सगळ्यात उंच असेल त्यावर आदळतो. म्हणून कड्यावर जाताना डोक्यावर काठी उभी धरायची. मार काठीला बसतो, टाळकं वाचतं.

त्या दिवशी आम्ही तिघं कड्यावरचे पफिन पक्षी बघायला निघालो होतो. मी, माझी धाकटी बहीण ओसला आणि तिचा नवरा मॅन्सी. मॅन्सी माझा शाळेपासूनचा दोस्त. ही सोयरीक मीच जुळवली, त्याबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. ओसलाने टोपी डोळ्यांवर ओढली होती. खाली डावा डोळा काळानिळा.

"हे काय गं?" फाटकापाशी मी हळूच विचारलं.

"कपाटाचं दार लागलं."

"परत? आजच्या आज माझ्या घरी चल."

"गप ना, राझमी. तो ऐकेल."

फाटकाला टेकून ठेवलेल्या काठ्यांतली एकेक आम्ही दोघांनी उचलली. मॅन्सीने हातही लावला नाही.

"पाखरांना घाबरायला मी काय मेव्हण्यासारखा मास्तर आहे?" तो खिदळला. आमच्यात सगळ्यात उंच तोच.

कड्याच्या टोकाशी पफिनच पफिन होते. एक चोचभर मासे घेऊन उतरला आणि तोंडावर आपटला. ओसला हसली, कितीतरी महिन्यांनी.

"तुझ्यासारखाच धडपड्या," मॅन्सी म्हणाला. तिचं हसू तिथंच विरलं.

परतताना कड्यालगतच्या गवतात बोंक्सीचं पिल्लू दिसलं. मॅन्सीने त्याला गंमत म्हणून बुटाने ढोसलं. पहिला फटका त्याच्या डोक्यामागे बसला. तो शिव्या देत वळला, तोच दुसऱ्या पक्ष्याने कपाळ फोडलं. डोळ्यांत रक्त गेलं, तो गुडघ्यांवर कोसळला आणि आंधळ्यासारखा कड्याच्या कडेकडे सरपटू लागला.

"काठी! ओसले, काठी आण!" तो ओरडला.

ती धावली. मी मागे होतो आणि खरं सांगतो, मी पाय उचलत नव्हतो. तिने त्याच्यावर काठी उभी धरली. पक्षी काठीवर आदळायला लागले.

मॅन्सीने हात वर करून तिची वेणी पकडली आणि तिला खाली ओढलं. "एवढा वेळ लागतो, गाढवे?"

आता मी त्यांच्याकडे धावलो. पण त्याआधीच काठी खाली आली होती. त्याच्या मनगटाचा कडकन आवाज मला ऐकू आला. तो किंचाळला. तिने पुन्हा तिथंच हाणलं. तिसऱ्यांदा काठी वर गेली आणि वरच राहिली, कारण पक्षी परत येत होते.

"ऊठ," ती म्हणाली. "चाल पुढे. काठी मी धरते."

तो तुटका हात पोटाशी धरून कण्हत चालला. फाटकापर्यंत दीड तास तिने त्याच्या डोक्यावर काठी धरली. त्याला एकही चोच लागू दिली नाही. मी असतो तर धरली नसती.

दवाखान्यात नर्सने त्याचं कपाळ पाहिलं. "बोंक्सी ना? या मोसमातला चौथा. आणि हाताला काय झालं?"

"पडलो," मॅन्सी पुटपुटला.

ओसलाने टोपी काढली.

"कपाळ पक्ष्याने फोडलं," ती म्हणाली. "हात मी मोडला. आणि हा माझा डोळा याने. लिहून घ्या, तिन्ही."