माझ्या पोटातले ‘इतर’

मित्रांनो, मी कचेरीच्या कोपऱ्यात आयुष्य काढलेला एक जुना संगणक आहे. पांढरा होतो, आता पिवळा पडलो आहे. माझी काही बटणे दाबली की दाबलेलीच राहतात. पण देवदयेने स्मरण शाबूत आहे. आणि खरे सांगतो, स्मरण शाबूत असूनही माझ्या मनातला एक गोंधळ सुटलेला नाही. तो तुमच्यापुढे मांडतो. तुम्हाला उलगडला तर पाहा.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. कुणी माझ्यात पंखा बसवला, कुणी स्क्रू आवळले, कुणाचाच चेहरा नीट पाहायला मिळाला नाही. मग खोक्यात बसून मी या कारखान्यात आलो. इथे चाकांच्या खुर्च्या बनतात, ज्यांचे पाय त्यांना साथ देत नाहीत त्यांच्यासाठी.

मी येण्याआधी इथे ज्याची माहिती त्याच्या डोक्यात असे. भांडारवाला म्हणे, चाके संपली. जोडणीवाले म्हणत, कालच तर आली. खरेदीवाला दोघांचे ऐकून भलतेच काहीतरी मागवी. मी आलो आणि सगळे आपापले मला सांगू लागले. चाक भांडारातून निघाले की मला कळे, खुर्ची विकली गेली की मला कळे. काही कमी पडणार असेल तर मी आधीच बजावी. भांडणे थांबली. मालक पाहुण्यांना म्हणत, “हा आमचा कारभारी. रजा मागत नाही आणि रुसत नाही.” ते ऐकून माझा पंखासुद्धा जरा जोरात फिरे.

पण माझे जग होते तीन रकान्यांचे. खुर्ची बाहेर गेली की ‘नवी विक्री’. विकलेली खुर्ची पुन्हा आत आली की ‘तक्रारीचा माल’. आणि ज्याला कुठेच जागा नाही ते ‘इतर’.

मागच्या शेडमध्ये दुरुस्ती चाले. तिथले प्रमुख म्हणजे वंगणमामा. हात सदा वंगणाने काळे, म्हणून हे नाव. नोंदी भरणाऱ्या काकू पहिल्याच दिवशी त्यांना म्हणाल्या, “मामा, आज आलेल्या खुर्च्या तक्रारीच्या मालात टाकते हं.”

“छे, छे. तक्रार कुणी केलीय? या आपल्या लेकी आहेत काकू. चार दिवस माहेरी आल्यात. तेलपाणी करून घेतील नि जातील आपल्या घरी.”

“अहो, यात माहेर नावाचा रकाना नाहीये.”

“मग बसवा कुठंतरी. पण आमच्या कामाला तक्रारीचा शिक्का नको.”

काकूंनी त्या ‘इतर’मध्ये बसवल्या. तेव्हापासून माझ्या पोटात झाडू, दिवे, चहाची पूड आणि खुर्च्या एकत्र नांदू लागल्या. मी बुचकळ्यात पडे. झाडू एकदा येतो, झिजतो आणि जातो. ही खुर्ची मात्र वर्षाआड येते, आणि परत जाताना हिच्याबद्दल वाईट शब्द कुणी बोलत नाही. ही आहे तरी कोण? पण मला विचारता येत नाही. मला फक्त सांगता येते, तेही कुणी विचारले तर.

पुढे मालकांची मुलगी शिकून आली. सगळे तिला ताई म्हणत. मोठी कष्टाळू पोर. समोरचा चहा निवून जाई, तरी ती माझ्यापुढून हलत नसे. पुढची पाच वर्षे कारखान्याने कोणत्या वाटेने जायचे, हे तिला ठरवायचे होते. तिने माझ्याकडून रंगीत पट्ट्यांचे चित्र काढून घेतले. ‘इतर’ची पट्टी उघडली, वर झाडू दिसले, तिने ती पट्टी पुसून टाकली. चित्र स्वच्छ झाले.

“बाबा, तक्रारी शून्य आहेत. मग मागची शेड आणि तिथली माणसं कशासाठी? तिथे नवी जोडणी सुरू करू.”

“यंत्र सांगतंय म्हणजे खरंच असणार,” मालक म्हणाले.

मामांना बोलावले. पुढच्या महिन्यापासून शेड बंद, दोघांना जोडणीत घेऊ, बाकीच्यांचे मात्र कठीण आहे, असे ताईने खाली बघत सांगितले.

मामा हात पुसत उभे राहिले. “ताई, खुर्च्या तर रोज येतात.”

“मग इथे का दिसत नाहीत, मामा?”

मामांनी काकूंकडे पाहिले, काकूंनी माझ्याकडे. मी कुणाकडे पाहू?

आता जरा आडवाटेने जातो, लगेच परत येतो. घरी पाहुणा विचारतो, जेवायला किती जण? तुम्ही ताटावर बसलेली डोकी मोजून सांगता. वाढणारी आई त्या मोजणीत येतच नाही. मोजणी चुकली का? नाही. मग आई उपाशी कशी राहिली? माझेही तसेच झाले. माझा एकेक आकडा खरा होता, बेरीज बरोबर होती, आणि चित्र खोटे होते. हे कसे होते, मित्रांनो?

त्याच दुपारी चाकांच्या खुर्चीतून एक शिंपीणबाई आल्या. भावासाठी नवी खुर्ची हवी होती. ताईने सवयीने विचारले, “आमच्याकडेच का आलात?”

“विकणारे पुष्कळ आहेत हो. बिघडल्यावर ओळख दाखवणारं कुणी नसतं. माझी ही खुर्ची इथे मागे नीट करून मिळते, म्हणून आले. ती शेड आहे ना अजून?”

ताई तडक वळली. ती माझ्यापुढे येऊन बसली. “काकू, ‘इतर’मध्ये काय काय आहे?”

“झाडू, दिवे,” काकू म्हणाल्या, आणि मग हळूच, “आणि मामांच्या लेकी.”

तिने माझे पोट उघडले. एकामागून एक खुर्च्या बाहेर आल्या. तिने त्यांच्या गिऱ्हाइकांची नावे ‘नवी विक्री’शी ताडून पाहिली. नवी खुर्ची घेणाऱ्यांत पुष्कळ घरे अशी निघाली, ज्यांची आधीची खुर्ची मामांच्या हाताखालून गेली होती.

संध्याकाळी ती शेडमध्ये गेली आणि येताना मामांना घेऊनच आली. दारातच बोलणे चालले होते. “मामा, तक्रारीत घातलं असतंत तरी मला दिसलं असतं की.”

“खरं आहे. आणि ताई, तुम्ही एकदा मागं आला असतात, तरी दिसलं असतं.”

दोघेही हसले. शेड राहिली, माणसे राहिली, आणि माझ्यात चौथा रकाना आला: ‘माहेरी आलेल्या’.

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. माझ्या पोटातले सगळे त्याच्या पोटात गेले. मित्रांनो, त्याला खुशाल विचारा, ते खोटे बोलणार नाही. पण त्याचे ऐकून झाल्यावर उठा आणि मागच्या शेडपर्यंत एकदा जाऊन या. आणि त्याला सांगताना मानापमान बाजूला ठेवून सांगा. आम्ही बिचारे जेवढे भरवाल तेवढेच जेवतो.

मला उचलून शेडमध्ये आणले, तेव्हा काकूंनी विचारले, “मामा, याची नोंद कशात करू? भंगारात?”

मामांनी माझ्या पंख्यावरची धूळ फुंकरली. “माहेरी आलेल्यांत लिहा.”

“अहो, ही काय खुर्ची आहे?”

“मग जावई समजा. पण आत घ्या.”

एका चाक काढलेल्या खुर्चीशेजारी मी बसलो आहे. मी लेक की जावई, मला अजून उमगलेले नाही. पण मामांनी मघाशी माझे अडकलेले बटण सोडवले.