शनिवारचा विस्तव

मित्रांनो, रोह्याच्या अलीकडे निडी गावात, अब्राहमभाऊंच्या स्वयंपाकघरात बसून असलेली मी एक जुनी चूल. माझ्या अंगाला भेगा पडल्या आहेत. मागची कड ढासळली आहे. पण माझ्यात अजून विस्तव राहतो, म्हणून बोलते.

मला सीताबाईंनी घडवलं. निर्धूर चुली कशा बांधायच्या हे त्या पंचायतीच्या वर्गात शिकून आल्या होत्या. लाल माती, भाताचा तूस आणि शेण पायांनी तुडवून त्यांनी माझं अंग केलं. लाकडं घालायला पुढे तोंड ठेवलं आणि त्याला पत्र्याचं झाकण दिलं. भांड्यांसाठी दोन जागा केल्या, एक जाळावरची आणि एक मागची, तिला वैल म्हणतात. वैलाच्या मागून सिमेंटचा पाइप कौलांच्या बाहेर काढला. पाइपात पत्र्याची झडप बसवली. ती उघडली की वारा खेचला जातो आणि लाकूड भडभड जळतं. मिटत आणली की जाळ बसतो आणि निखारे राहतात.

घर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं. त्यांच्यात शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तव पेटवत नाहीत, पेटलेल्याला हातही लावत नाहीत. तरी लीयाबाईंच्या घरी शनिवारी दुपारी वालाचं बिरडं गरम असायचं. शुक्रवारी दिवस असतानाच त्या माझ्यात चिंचेचा ओंडका घालत, निखाऱ्यांवर राख ओढत, झडप सरकवत आणि बिरड्याचं पातेलं वैलावर ठेवून उठत. मग मी एकटीच ते सांभाळायची. नारळाच्या रसातलं बिरडं कोकणातल्या उकाड्यात रात्रभर गार राहिलं तर आंबतं. माझ्याकडून ते कधी आंबलं नाही. आल्यागेल्याकडे लीयाबाई माझं कौतुक करीत.

अब्राहमभाऊ रोह्याला कंपनीत होते. शिफ्ट करून येत, माझ्याकडे पाठ करून पाटावर बसत आणि वाढलेलं जेवत. पुढे ते निवृत्त झाले. मुलगी शीरा लग्न करून इस्रायलला गेली. पाट मात्र फिरला नाही.

मग एका पावसाळ्यात लीयाबाई तापाने गेल्या. सुतकाचे सात दिवस शेजारच्या घरांतून जेवण आलं. माझ्यात राख तशीच राहिली, ती ओली झाली. पाइपात कोळ्याने जाळं केलं. दफनाला पोहोचू न शकलेल्या शीराचा निरोप आला, "दिवाळीच्या सुमाराला मी येते. बाबा, तुम्हाला घेऊनच जाणार. तुम्हाला चहासुद्धा करता येत नाही, एकटे कसे राहाल?"

अब्राहमभाऊंना जायचं नव्हतं. गावाबाहेरच्या कबरस्तानात लीयाबाई होत्या. रोज संध्याकाळी ते तिथे जाऊन बसत. आपण गेलो तर तिथलं गवत कोण काढणार, एवढंच ते म्हणत.

तेव्हा त्यांनी माझ्यात हात घातला.

पहिल्या शुक्रवारी त्यांनी झडप पूर्ण उघडी ठेवली. ओंडका रात्रीतच जळून गेला आणि दुपारी बिरड्यावर फेस आला. पुढच्या शुक्रवारी त्यांनी निखारे टिकावेत म्हणून झडप पूर्ण मिटली आणि तोंडाचं झाकण सैल ठेवलं. सकाळपर्यंत घर धुराने भरलं. हात लावायचा नाही, म्हणून ते दाराशी पाटावर बसून खोकत राहिले. शेजारच्या रंभाबाई धावत आल्या.

"अवो भावजी, जीता हाव का मेलाव?"

"शनवार हाय. हात लावायचा नाय."

"तुमचा शनवार हाय, माझा नाय!" रंभाबाईंनी पदर नाकाला लावून झडप ओढली. "लीयाबाय असती तर तुम्हालाच या पायपातनं बाहेर काढला असता."

अब्राहमभाऊ हसले. लीयाबाई गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं. मग ते बराच वेळ डोळे पुसत राहिले. ते धुरामुळे नव्हतं.

"लीया झडप किती उघडी ठेवायची गो?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाव? माझी चूल साधी, तीन दगडांची. पर एवढा समजता, तोंड मिटला तर नाक उघडा ठेवावा. दोनी मिटला तर जीव जातो, दोनी उघडा टाकला तर अंगात काय उरत नाय."

मग अब्राहमभाऊ रोज दिवसा शिकू लागले. ओलं लाकूड धुमसतं, खैर फार लवकर तापतो, चिंच दमाने जळते. राख जाड झाली तर निखारा गुदमरतो, पातळ झाली तर संपतो. ते झडप जरा सरकवत आणि वैलावर तळहात धरून बसत. माझ्यासमोर बसत, तोंड माझ्याकडे करून. गावात थट्टा सुरू झाली, "अब्राहमभाऊंच्या घरी रोज शनवार!"

शीरा आली ती शुक्रवारी. तिने मोड आणून ठेवलेले वाल सोलायला घेतले, पण अब्राहमभाऊंनी तिला पाटावर बसवलं. "आज मी करतो." सूर्य मावळायच्या आत त्यांनी ओंडका घातला, राख ओढली, तोंड मिटलं आणि झडप बोटभर उघडी ठेवली. त्या रात्री मला फार भीती वाटली. वारा सुटला होता. मी निखारा जपून खाल्ला.

शनिवारी दुपारी शीराने झाकण काढलं. वाफ तिच्या चेहऱ्यावर आली.

"बाबा, मीठ कमी आहे," ती म्हणाली. तरी तिने पुन्हा वाढून घेतलं. ताट संपवून ती म्हणाली, "माझं एकटीचंच तिकीट ठेवते मग. पण गॅस घ्याल का?"

"घेईन. पण शुक्रवारी नाय."

शीरा गेली. पुढच्या शनिवारी अब्राहमभाऊंनी पातेलं उतरवलं, झाकण काढलं. बिरडं छान वाफाळत होतं. मीठही बेताचं होतं. लीयाबाई जिथून आत येत त्या मागच्या दाराकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "लीया, जमला गो मला."

अंगणात कोंबडी माती उकरत होती. त्यांनी झाकण परत ठेवलं आणि त्या दिवशी ते उशिरा जेवले.

मित्रांनो, माझी राख वेळेवर काढा, भेगा लिंपा, पाइप झाडा, हे तर मी सांगेनच. पण आधी दुसरं मागते. तुमच्या घरी जे कोणी चुलीशी बसत असेल, त्याच्याकडे तोंड करून एकदा बसा. झडप किती उघडी ठेवता, विचारा. मी सारं पाहत होते, पण मला सांगता येत नव्हतं. लीयाबाईंना सांगता आलं असतं, आणि त्यांनी आनंदाने सांगितलं असतं.