रोजची बोहनी, पान पहिले

ऑफिसात त्यांना तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे मोजणीदार. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं. जिना चढताना पायऱ्या मोजणारा, बायकोचा अबोला किती तास टिकला तेही मोजून ठेवणारा हा माणूस. बारा वर्षांपूर्वी त्यांनी ‘गाठसोड’ नावाची वेबसाइट काढली. प्रोग्रॅम लिहिता लिहिता कुणाचं घोडं अडलं की त्याने तिथे प्रश्न टाकायचा, आणि ज्याला येत असेल त्याने उत्तर द्यायचं. दारासमोरच्या भिंतीवर ‘एकूण प्रश्न’ अशी पाटी होती, आकडे काढता-घालता येणारी. तिच्यावर एक लाखाचा आकडा लागला त्या दिवशी मोजणीदार स्वतः स्टुलावर चढले. उतरताना पडले, पण आकडा पडू दिला नाही.

रोज सकाळी साडेनऊला ते टाळी वाजवत. “चला, बोहनी करून घ्या.”

मग चौघं जण, म्हणजे स्वतः मोजणीदार, त्यांचा मेहुणा, उत्तरं तपासणाऱ्या बाई आणि डिझाइनवाला, ऑफिसच्या एकाच खात्यातून सर्च उघडायचे. ठरलेले पाच प्रश्न टाकायचे, यादीतल्या दुहेरी नोंदी कशा काढाव्यात वगैरे, आणि गाठसोडच्या लिंकवर क्लिक करायचं. मोजणीदारांचं शास्त्र साधं होतं. दुकानात चार माणसं उभी दिसली की पाचवं आपण होऊन आत येतं. सर्च इंजिनलाही आपल्याकडे गर्दी दिसली पाहिजे. क्लिक झालं की ते वहीत लिहीत : ‘पाचही प्रश्न. पान पहिले, क्रमांक पहिला.’ चार वर्षं त्या वहीत दुसरा क्रमांक पडलेला नव्हता.

आणि तरीही माणसं येईनाशी झाली होती. गेल्या वर्षी दिवसाला चाळीस हजार यायची, आता अकरा हजार. मोजणीदारांनी हा हिशेब उलटसुलट मांडून पाहिला. पाटी झळकते आहे, दार उघडं आहे, रस्ता तोच आहे. मग गिऱ्हाईक जातं कुठे? क्रमांक पडला असता तर नशिबाला बोल लावता आला असता. क्रमांक पहिला आणि दुकान रिकामं, याचा अर्थ एकच. मधल्या मध्ये कुणीतरी माणसं वळवतंय.

किल्ल्या तर एकाच्याच हातात होत्या. सर्व्हर, आकडे मोजणारं मीटर, सगळ्याचा पासवर्ड, सगळं मेहुण्याकडे. त्याला घुम्या म्हणत, आणि हे नाव ऑफिसने नव्हे, त्याच्या सख्ख्या बहिणीने, म्हणजे मोजणीदारांच्या बायकोने ठेवलेलं. दिवसाला सरासरी सात वाक्यं बोलायचा. सरासरी अर्थातच मोजणीदारांनी काढलेली. न बोलणाऱ्या माणसावर संशय घेणं फार सोयीचं असतं. तो मधे मधे खुलासे करून घोळ घालत नाही.

एके दिवशी मोजणीदार त्याच्या मागून हळूच गेले तर स्क्रीनवर एक यादी. वर लिहिलेलं : ‘सर्चपासून लपवलेली पानं : ३८,४१२.’ चाहूल लागताच घुम्याने खिडकी बंद केली. दोन दिवसांनी तो जिन्यात फोनवर सापडला. मोजणीदार वरच्या वळणावर उभे राहून कान देऊ लागले.

“हो, अर्ध्याच्या वर झालं... नाही, त्यांना नाही कळणार. ते पाटी बघतात फक्त.”

मोजणीदारांनी लगेच धागा जुळवला. ‘चटकन उत्तर’ नावाची एक साइट होती. स्वतः एक अक्षर लिहायची नाही, गाठसोडची उत्तरं उचलून जशीच्या तशी आपल्याकडे लावायची. म्हणजे इथली पानं झाकायची आणि माणसं तिकडे हाकायची! वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी वेगळा रकाना आखला आणि वर लिहिलं ‘मे.’ ‘मेहुणा’ हा पूर्ण शब्द लिहायचा हात झाला नाही.

संध्याकाळी बायको सुईत दोरा ओवत बसली होती. मोजणीदारांनी दुरून सुरुवात केली.

“तुझा भाऊ हल्ली कुणाशी फोनवर बोलतो?”

“का? स्थळ आलंय की काय त्याला?”

“हसू नकोस. आपलं गिऱ्हाईक कुणीतरी पळवतंय. कुंपणच शेत खातंय.”

दोरा सुईच्या बाजूने गेला. “कुंपण म्हणजे माझा भाऊ का?”

“मी नाव घेतलं का कुणाचं?”

“घ्यायला उरलंय काय? चार माणसं तुम्ही. एक तुम्ही स्वतः. बाईंना उत्तरांपलीकडे जग नाही. आणि तो डिझाइनवाला, त्याला स्वतःचा डबा सापडत नाही, तो काय गिऱ्हाईक पळवणार!”

“अडतीस हजार पानं लपवलीत त्याने. शुक्रवारी सगळ्यांसमोर विचारणार आहे मी.”

“आज विचारा ना. एकट्याला.”

“चोराला विचारून चोरी पकडतात होय?”

बायकोने सुई तशीच रिळात खोचली. “ऐकून ठेवा. माझ्या भावाला चारचौघांत चोर म्हणालात, तर तो तर जाईलच, पण मीही त्याच्याकडे राहायला जाईन. किती दिवस, ते तुम्ही मोजत बसा.”

एरवी साइटचं नाव काढलं की जांभई देणाऱ्या बायकोने ‘पानं लपवणं म्हणजे काय’ असं विचारलं नाही. ही गोष्ट मोजणीदारांनी टिपली, पण ती कुठल्या रकान्यात टाकावी हे न कळल्यामुळे सोडून दिली.

गुरुवारी घुम्या जेवायला गेला तेवढ्यात त्यांनी त्याच्या उघड्या मशीनवरून पासवर्ड बदलून टाकला. परत येऊन त्याने तीनदा टाइप करून पाहिलं. मग मान वर केली.

“बदललाय?”

“हो. उद्या मीटिंगमध्ये बोलू काय ते.”

तपासनीस बाईंची बोटं कीबोर्डवर थांबली. घुम्या उठला, आपला कप विसळला, पुसला आणि पिशवीत घातला. कप घरी नेणारा माणूस उद्या येत नसतो, एवढं गणित मोजणीदारांनाही येत होतं.

“येतो, भावोजी,” तो म्हणाला आणि गेला.

आता माघार नव्हती. उद्यासाठी पुरावे हवेत, प्रत्येकाच्या हातात कागद हवा. ऑफिसच्या प्रिंटरवर काढायचे तर तोही घुम्यानेच जोडलेला, त्याचा काय भरवसा? मोजणीदार वही काखेत मारून दोन गल्ल्या ओलांडून झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानवाल्या बाईंनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरांकडे बोट केलं. “दोन नंबरवर बसा. प्रिंट दिली की हाक मारा.”

पुरावा पहिला : आपण पहिल्या क्रमांकावर आहोत. मोजणीदारांनी बोहनीचा पहिला प्रश्न टाकला.

वर ‘चटकन उत्तर’. त्याखाली कुणीतरी भलतंच. खाली जाता जाता पान संपलं, गाठसोड नाही. त्यांनी ‘चटकन उत्तर’ उघडलं, तर आत मोज्यांच्या जोड्यांचं उदाहरण. नऊ वर्षांपूर्वी यादीतल्या दुहेरी नोंदी समजावताना मोज्यांचं उदाहरण त्यांनी स्वतः घातलं होतं, घरात सहा डावे मोजे निघाले होते त्या दिवशी. मोजे त्यांचे, वाळत घालायची दोरी दुसऱ्याची! दुसरं पान उघडलं. तिसरं उघडलं. तिथे सातव्या ओळीला गाठसोड. वरून सत्ताविसावी.

“बाई, तुमचं मशीन बिघडलंय.”

“मग तीन नंबरवर बसा.”

तीन नंबरवरही सत्ताविसावी. बाकीचे चार प्रश्न टाकले. एकाला एकतिसावी, एकाला गाठसोडचं नावच नाही. शेवटी त्यांनी बाईंचा फोनही मागून घेतला. तिथेही तेच.

“काय शोधताय एवढं?” बाईंनी विचारलं.

“ऑफिसात आमचं नाव पहिलं दिसतं हो. रोज दिसतं. चार वर्षं.”

“आणि रोज त्याच्यावरच क्लिक करता?”

“मग! आमचंच आहे ते.”

बाई हसल्या. “अहो, माझ्या फोनवर माझं दुकान सगळ्यात वर येतं. मी हुरळून गेले होते. एकदा गिऱ्हाइकाच्या फोनवर पाहिलं, तर पलीकडच्या गल्लीतला तो टपरीवाला वर आणि मी कुठेच नाही. तुम्ही रोज एकाच घरी जाता म्हटल्यावर ते तुम्हाला त्याच घरचा रस्ता दाखवणार. तोंडदेखलं गोड बोलायचं, दुसरं काय.”

मोजणीदार स्टुलावर बसून राहिले. चार माणसं, एक खातं, पाच प्रश्न, चार वर्षं. गर्दी दाखवायला गेलो, आणि ती गर्दी आपणच आपल्याला दाखवत बसलो. त्यांनी वही उघडली आणि मागची पानं चाळली. हवी ती नोंद सापडू नये असं वाटत होतं, पण त्यांच्या वहीत नोंद हरवत नसे. चौदा महिन्यांपूर्वीची, त्यांच्याच वळणदार अक्षरात : ‘घुम्या म्हणतो, बाहेरून पाहिलं तर आपण मागच्या पानांवर दिसतो. त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितले. पान पहिले, क्रमांक पहिला.’

प्रिंट न काढताच ते निघाले. घुम्याच्या खोलीपर्यंत तीन जिने होते. पायऱ्या मोजायच्या राहून गेल्या. दारात बायकोच्या चपला.

दार तिनेच उघडलं. “या. कागद आणलेत? एक प्रत मलाही द्या, बहीण आहे मी चोराची.”

आत घुम्या खाटेवर बसला होता. विसळलेला कप खिडकीत. मोजणीदार उभेच राहिले.

“आपण तिसऱ्या पानावर आहोत.”

“हं.”

“तू सांगितलं होतंस.”

“हं.”

“मग ती अडतीस हजार पानं कसली?”

घुम्याने बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली तसा तो बोलायला लागला, आणि मोजणीदारांनी त्याला आजवर इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

“उत्तर नसलेल्या प्रश्नांची. लाखातले एकसष्ट हजार तसे आहेत. माणूस सर्चमधून येतो, पान उघडतो, खाली लिहिलेलं असतं ‘अजून उत्तर नाही’. तो आल्या पावली परत जातो. सर्चवाले नक्की काय मोजतात ते कुणालाच सांगत नाहीत, तुमच्यापेक्षा पक्के आहेत ते. पण दहा हाका मारून सहा वेळा घरात कुणी नाही, तर त्या घरी माणसं कोण पाठवेल? चांगली उत्तरंही त्यात मागे पडतात. पुसून टाकू म्हटलं की तुम्ही पाटीकडे बोट दाखवता. म्हणून पुसले नाहीत. सर्चपासून झाकले फक्त. पाटीला धक्का नाही.”

“आणि जिन्यात फोनवर कोण होतं?”

“मी होते,” बायको म्हणाली. “मीच म्हटलं त्याला, सांगायला जाऊ नकोस, वही दाखवतील. आधी करून टाक. चांगलं झालं की श्रेय ते आपण होऊन घेतील.”

मोजणीदारांनी शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली. नवा पासवर्ड तिच्यावर लिहिलेला होता. ती त्यांनी कपाखाली सारली.

“चुकलं माझं. संशय आला तेव्हा सगळ्यांची मोजदाद केली, माझी तेवढी राहिली.”

घुम्या चिठ्ठीकडे बघत राहिला. हात लावला नाही. “आज ऑफिसात बाईंसमोर झालं ते.”

“मग उद्या बाईंसमोरच निस्तरतो.”

शुक्रवारची मीटिंग ठरल्याप्रमाणे झाली. मोजणीदारांनी वहीतली चौदा महिन्यांपूर्वीची नोंद उभं राहून मोठ्याने वाचली, डोळे तपासण्याच्या वाक्यासकट. डिझाइनवाल्याने हसू आवरायला डब्यात तोंड घातलं. डबा नेमका त्या दिवशी सापडला होता. मग मोजणीदारांनी स्टूल ओढलं.

“धरू का, सर?” तपासनीस बाईंनी विचारलं.

“धरा. या वेळी आकडा पाडायचाच आहे.”

एक लाखाचे, उत्तर असलेले तेवढेच, एकोणचाळीस हजार झाले. घुम्या दारात उभा राहून बघत होता. मग आत आला, पिशवीतून कप काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “आणि बोहनी बंद.”

बोहनी बंद झाली. पण साडेनऊ वाजले की मोजणीदारांचे हात शिवशिवायचे. ते गुपचूप झेरॉक्सच्या दुकानात जाऊ लागले. बाहेरचं मशीन, परका माणूस, चोख पुरावा! बाराव्या दिवशी ते धापा टाकत ऑफिसात शिरले.

“घुम्या! पहिलं पान! वरून दुसरा क्रमांक!”

“कुठे पाहिलंत?”

“झेरॉक्सच्या दुकानात. दोन नंबरवर.”

“रोज दोन नंबरवरच बसता?”

“रोज.”

“लॉगिन करून?”

“मेल उघडावा लागतो ना.”

“आणि आपलं दिसलं की क्लिक?”

मोजणीदारांचा चेहरा उतरला. बारा दिवसांत त्यांनी तेही मशीन बाटवलं होतं.

घुम्या हसला नाही. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, “मी गावोगावच्या मित्रांकडून बघून घेतो, रोज वेगळ्याकडून. सत्तावीसवर होतो. आज चोवीसवर आहोत.”

मोजणीदारांच्या ओठांवर प्रश्न आला : कुठले मित्र? किती? त्यांनी क्लिक तर केलं नाही ना? तो त्यांनी गिळला. वही उघडली, तारीख टाकली आणि चार वर्षांत पहिल्यांदा एकाखेरीज दुसरा आकडा लिहिला. चोवीस. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला, पडताळून न पाहिलेला.

वही मिटता मिटता त्यांनी शेवटचं पान काढलं, ‘मे.’ लिहिलेलं, आणि फाडून घुम्याकडे दिलं. घुम्याने ते वाचलं, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

“हं,” तो म्हणाला.