तपासणीआधीची सूचना

कान्हाचं पत्र देवराम मास्तरांना दोन हजार पाचच्या शिमग्यात आलं होतं. भात लावून झालं, तरी त्याला उत्तर गेलं नव्हतं.

शेणवे गावच्या शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. गणितात मास्तर पुढे होते, पण ते आता त्यांच्याखेरीज कुणाला आठवत नव्हतं. कान्हा मुंबईत मोठा डॉक्टर झाला. मास्तर त्याच शाळेतून निवृत्त झाले.

पत्रात होतं : 'मूत्राशयाचा कर्करोग शोधायला नवं औषध वापरून पाहतोय. शिरेत टोचलं की गाठीत जाऊन बसतं आणि यंत्रात गाठ चमकते. जुनं लघवीत उतरायचं, सगळी पिशवीच उजळायची, गाठ झाकून जायची. नवं कमी उतरतं, तरी तपासणीआधी लघवी करून यावंच लागतं. आपल्याकडच्या माणसांना कळेल असं सूचनेचं एक पान लिहून दे. मला जमत नाही.'

मास्तरांना सगळं पहिल्याच वाचनात समजलं, आणि तेच सोसवलं नाही. नाव त्याचं व्हायचं आणि आपण त्याची पाटी रंगवायची? शिवाय लिहिताना चुकलं तर? पत्र पंचांगात गेलं.

श्रावणात शेजारचा बारकू ओट्यावर येऊन बसला. त्याच्या लघवीतून रक्त जायचं. उन्हाळी लागली म्हणून महिनाभर धण्याचं पाणी पिऊन झालं, मग तो कान्हाकडे गेला होता.

"फोटू बिघडला, मास्तर. परत बोलावलाय. मी नाय जात."

"बिघडला कसा?"

"सुई टोचून तासभर निजवला. मंग नर्सबाई बोलली, लघवीला जाऊन या. लेकीच्या वयाची पोर, तिला मुतारी कुठं हाय ते कसा इचारू? बोललो, झाली. दाबून धरली."

"अरे, विचारायचं ना."

"तुमी इचारलं असतं? तुमी तर घरात मीठ मागायला लाजता."

आतून मास्तरांची बायको पारू हसली.

"दोस्त मात्र तुमचा देवमाणूस," बारकू म्हणाला. "सोता येऊन पाठीवर हात ठेवला."

मास्तरांना आधी त्या हाताचा हेवा वाटला, बारकूची काळजी मागून आली. ते त्यांचं त्यांनाच कळलं. ते उठले आणि पंचांग काढलं.

चार वेळा खोडून पान झालं. 'लघवी साठली तर गाठ दिसत नाही. मुतारी कुठे ते कुणालाही विचारा. तिथल्या मुलींना त्याची सवय आहे.' त्यांनी ते बारकूला वाचून दाखवलं.

"हे आधी कोण बोलला असता तर," बारकू म्हणाला.

मास्तरांनी पान खाली ठेवलं. मग म्हणाले, "जाशील परत?"

"तुमी संगती येता?"

कान्हासमोर उभं राहायचं म्हणजे... "येतो," मास्तर म्हणाले.

पानाखाली त्यांनी लिहिलं : 'उशीर झाला. कारण काम नव्हतं, हेवा होता. पुढच्या मंगळवारी बारकूला घेऊन येतो.' पोस्टाच्या पेटीपाशी मधली ओळ खोडावीशी वाटली, पण पाकिटाचा डिंक वाळला होता. त्यांनी ते आत सोडलं.